स्टिकरचा कागद प्रिंटर घेत नाही तेव्हा

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत, कुळागराला म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला लागून. जूनमध्ये पावसाने जोर धरला की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो आणि माझा प्रिंटर स्टिकर पेपर घेईनासा होतो. मी घरी कोकमाचं आगळ, सोलं, बिमलांचं लोणचं आणि जायफळाच्या सालीचं लोणचं करून विकते. लेबलं घरीच छापते. एका वेळी चाळीस-पन्नास बरण्या भरतात आणि दर खेपेला तारीख आणि बॅच नंबर बदलतो, त्यामुळे बाहेरून हजार लेबलं छापून आणण्यात अर्थ नसतो. सगळ्यात जास्त मागणी येते ती चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, म्हणजे नेमकी हवेत ओल भरलेली असते तेव्हा.

सहा वर्षं हे काम करते आहे. पहिल्या वर्षी प्रिंटर पान ओढेना म्हणून मी तो चादरीत गुंडाळून बसने म्हापशाला दुरुस्तीला नेला. दुकानातल्या माणसाने साधा कागद घालून पाच पानं सरळ काढून दाखवली, रोलर पुसला, पैसे घेतले. घरी आणून स्टिकर पेपर घातला तर पुन्हा तेच. तो प्रिंटर बिघडलेला नव्हताच. कागद ओला होता, वाकलेला होता, आणि मी तो चुकीच्या तऱ्हेने घालत होते. तेव्हापासून पान अडलं की मी आधी कागदाकडे बघते आणि यंत्राकडे नंतर. पुढे लिहिलं आहे ते सगळं याच क्रमाने.

आधी साधा कागद घालून बघा

नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदाची दहा पानं ट्रेमध्ये घाला आणि एकामागून एक छापा. दहाही पानं सरळ आली तर यंत्र ठीक आहे, दोष स्टिकर पेपरचा किंवा तो घालण्याच्या पद्धतीचा. साधा कागदही अडला, दोन-दोन पानं आली किंवा रोलर नुसता फिरत राहिला, तर खाली रोलरबद्दल लिहिलंय तिथे थेट जा. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात. ती न करता ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं, केबल बदलणं असल्या गोष्टींत आमच्या घरी एकदा अख्खी दुपार गेली होती.

साधा कागद जातो आणि स्टिकर अडतो, असं का होतं? स्टिकरचं एक पान म्हणजे खरं तर तीन थर असतात. वर छपाईचा कागद किंवा विनाइल नावाचं प्लास्टिक, मधे गोंद, आणि खाली सोलून टाकायचा कागद, ज्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा लेप असतो. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम) असतो; स्टिकरचे तिन्ही थर मिळून त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतात. पाकिटावर कधीकधी फक्त वरच्या कागदाचं वजन लिहिलेलं असतं, त्यावरून अंदाज चुकतो. एवढं जाड पान सहज वळत नाही, पाठीकडून गुळगुळीत असतं, आणि प्रिंटरचा रबरी रोलर तर पकडीवरच चालतो.

पान कुठून आत जातं ते बघा

घरगुती प्रिंटर दोन तऱ्हेचे असतात. काहींत कागद मागे उभा ठेवतात, तो थोडासा वाकून पुढे बाहेर येतो. काहींत खाली पुढच्या बाजूला खण असतो. तिथला कागद आत जाऊन पूर्ण उलटा वळतो आणि वरून बाहेर येतो. स्टिकरसाठी मागचा ट्रे कितीतरी बरा. पुढच्या खणात दोन अडचणी एकदम येतात. जाड पानाला घट्ट वळण घ्यावं लागतं, आणि छपाईची बाजू खाली ठेवावी लागत असल्यामुळे उचलणारा रोलर पानाच्या गुळगुळीत पाठीवर घसरतो. त्यात मधे कापलेली लेबलं असतील तर वळणावर त्यांचा कोपरा उचलला जाऊन ते आत चिकटण्याची भीती.

नवा प्रिंटर घ्यायचा असेल आणि लेबलं छापणं हे मुख्य काम असेल, तर मागचा ट्रे असलेलाच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. ज्यांच्याकडे पुढचा खणच आहे त्यांनी यंत्राच्या पाठीमागे एक-एक पान हाताने घालायची चीर आहे का ते पाहावं. पुष्कळांच्या घरी ती असते आणि कुणी कधी उघडलेली नसते. तीही नसेल तर विनाइल विसरा आणि पातळ कागदी स्टिकर वापरा.

कुठली बाजू वर ठेवायची याचा घोळ असेल तर साध्या कागदावर पेन्सिलने फुली मारून तो एकदा छापून बघा. छपाई फुलीच्या बाजूला आली की पाठीवर, ते कळतं. मी आमच्या ट्रेवर कागदी पट्टी लावून त्यावर लिहूनच ठेवलंय, कारण माझ्या गैरहजेरीत जाऊ किंवा थोरली मुलगी छापते.

ओल

आता मुख्य गोष्ट. प्रिंटरच्या माहितीपुस्तिकांत साधारण ८० टक्क्यांपर्यंतची आर्द्रता चालते असं लिहिलेलं सापडतं. मी पापड वाळवण्यासाठी आर्द्रता मोजायचं एक छोटं घड्याळ घेतलं होतं, ते माजघरात टांगलंय. जुलैत सकाळी ते ९० च्या वर असतं, दुपारीही फारसं उतरत नाही. अशा हवेत पाकिटातून काढलेलं पान तासाभरातच कडेने उचलायला लागतं.

ते का वाकतं हे कळलं की उपायही सुचतो. कागद ओल पितो आणि फुगतो. स्टिकरचे वरचे आणि खालचे थर वेगवेगळ्या जातीचे, त्यामुळे ते सारखे फुगत नाहीत, आणि जो जास्त फुगतो तो पानाला दुसऱ्या बाजूकडे वाकवतो. विनाइलमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. विनाइल म्हणजे प्लास्टिक, ते पाणी पीत नाही. मागचा कागद मात्र पितो. म्हणून छपाईची बाजू वर करून ठेवलं तर विनाइलच्या कडा वर येतात, ताटासारख्या. कागदी स्टिकर कुठल्याही बाजूला वाकू शकतो, पान ओट्यावर ठेवून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

मी प्रत्येक पान छापण्याआधी कडाप्प्यावर सपाट ठेवते आणि चारही कोपरे बघते. कोपरा ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उचललेला असेल तर ते पान प्रिंटरमध्ये जात नाही. तीन मिलिमीटर म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी उंची, डोळ्यांना सवय होते. चारांपैकी सगळ्यात महत्त्वाचे दोन कोपरे म्हणजे जे आधी आत जाणार ते. पुढची कड सपाट असेल तर बाकीचं पान मागून निभावून जातं. पुढची कड उचललेली असेल तर ती आतल्या कुठल्यातरी पट्टीवर आपटते आणि पान तिथेच दुमडतं.

वाकलेलं पान सरळ करायची माझी पद्धत अशी. पानं दोन साध्या कागदांच्या मधे घालायची, वर जेवायला बसायचा लाकडी पाट उपडा ठेवायचा, आणि पाटावर आगळाचा पाच लिटरचा कॅन. रात्रभर. सकाळी बहुतेक सरळ झालेली असतात. घाई असेल तर पान साध्या कागदात धरून, वाकलंय त्याच्या उलट दिशेने, एक लिटरच्या बाटलीभोवती सैल गुंडाळायचं आणि दहा-पंधरा सेकंद धरायचं. लाटणं घेऊ नका. ते फार बारीक असतं, एवढ्या घट्ट वळणावर वरचा थर मागच्या कागदापासून सुटतो, आणि मग ते लेबल यंत्रात निघून येतं. ओट्याच्या कडेवर पान घासून सरळ करणारेही पाहिलेत, त्यानेही तेच होतं.

इस्त्री अजिबात नको. एका चवथीला माझ्या जावेने कागद सुकवायला म्हणून त्यावरून हलकी इस्त्री फिरवली. पान दिसायला सरळ झालं, पण गोंद मऊ होऊन कडांतून बाहेर आला आणि पानं एकमेकांना चिकटली. "वहिनी, हे पाकीट गेलंच गो," म्हणत ती पानं सोडवत बसली होती. पंचवीसपैकी सहा कामाची राहिली. उन्हात ठेवणं, गॅसजवळ ठेवणं, हेअर ड्रायर मारणं, सगळं त्याच कारणाने टाळायचं.

पान वाकल्यावर सरळ करण्यापेक्षा ते वाकूच न देणं सोपं. त्यासाठी इतकं करते:

स्टिकर पेपर मी एप्रिल-मे महिन्यात, कोरड्या दिवसांत, पणजीला जाऊन घेऊन ठेवते. अठरा जून रस्त्यावर स्टेशनरीची दुकानं आहेत. तिथे पाकीटबंद ए-फोरही मिळतो आणि मोठ्या शीटमधून कापून दिलेलाही, ज्याला बरेच जण गमिंग शीट म्हणतात. पावसात आणावाच लागला तर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, आणि घरी आल्यावर पाकीट लगेच फोडत नाही. एक दिवस तसंच खोलीत राहू देते.

फोडलेलं पाकीट झिपच्या पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या चपट्या डब्यात आडवं ठेवते. उभं ठेवलं की पान स्वतःच्या वजनाने कमरेत वाकतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्यातले नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परतून घ्यायचे, पुन्हा नारिंगी होतात. ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही. निळे दाणेही मिळतात, जे गुलाबी होतात. त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून लोणच्याच्या घरात मी ते आणत नाही.

आणि डब्यातून एका वेळी लागतील तेवढीच पानं काढायची. सहा पानं छापायची तर सहा. झाकण लगेच लावायचं.

पान ट्रेमध्ये घालताना

स्टिकरची पानं एका वेळी एकच घालते. दहा-दहा पानांची थप्पी लावून चहा करायला गेलं तर परत येईपर्यंत दोन पानं एकत्र आत गेलेली असतात. पाठ गुळगुळीत असते हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे कापलेल्या कडांना थोडा गोंद लागलेला असतो, त्याने शेजारची पानं एकमेकांना धरून राहतात. घालण्याआधी पानाच्या चारही कडांवरून सुती कापड फिरवा. बोटाला चिकट लागलं तर धारदार कटरने आणि पोलादी पट्टीने आत जाणाऱ्या कडेचा एक मिलिमीटर कापून टाका. पावडर लावायचा सल्ला मला एकीने दिला होता. पावडर रोलरवर जाऊन बसते आणि मग साधा कागदही घसरतो, तेव्हा ते करू नका.

एकटं पान ट्रेमध्ये असलं की वेगळीच अडचण येते. मागची फळी पान पुढे ढकलते, पण एकाच पानाला रोलरवर पुरेसा दाब मिळत नाही. रोलर फिरतो, घसरतो, आणि प्रिंटर म्हणतो कागद नाही. यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे स्टिकरच्या पानामागे साध्या कागदाची दहा-बारा पानं लावायची. स्टिकर रोलरच्या बाजूला, साधी पानं त्याच्या पाठीशी, सगळ्यांच्या खालच्या कडा एका रेषेत. थप्पीचा दाब वाढतो आणि रोलर स्टिकर पकडतो. मात्र संगणकाला एकच प्रत सांगायची, नाहीतर पुढचं लेबल साध्या कागदावर छापलं जातं. पारदर्शक स्टिकरलाही याचा फायदा होतो; काही प्रिंटर प्रकाशाच्या साहाय्याने कागद ओळखतात, त्यांना पारदर्शक पान दिसत नाही.

तरीही घसरत असेल तर रोलर फिरायला लागताच पानाच्या वरच्या कडेला दोन्ही हातांच्या बोटांनी अगदी हलका आधार द्यायचा. आधार म्हणजे ढकलणं नव्हे. रोलरने पान धरलं की हात काढायचा. जोर लावला तर पान तिरकं जातं, आणि आतले प्लास्टिकचे दात झिजतात.

तिरकं जाण्यावरून. माझ्या लेबलावर एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) १४ आकडी नंबर, हिरवं चिन्ह, वजन, किंमत, तारीख असं सगळं बसवायचं असतं. पान दोन मिलिमीटर तिरकं गेलं की कडेच्या लेबलांतले आकडे कापले जातात आणि ती लेबलं बरणीला लावता येत नाहीत. त्यामुळे याचा मी फार विचार केलाय. ट्रेच्या बाजूच्या पट्ट्या पानाला नुसत्या टेकल्या पाहिजेत: सैल असतील तर पान फिरतं, आवळल्या तर मधे फुगतं. एवढं करूनही तिरकं जात असेल तर पान मोजा. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. मोठ्या शीटमधून कापून घेतलेली पानं कधी २०८ भरतात, कधी २१२, आणि कधी काटकोनातच नसतात. काटकोन तपासायला दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, ३६४ मिलिमीटरच्या आसपास यायला हवेत. एक कर्ण दोन-तीन मिलिमीटर जास्त भरला तर ते पान ट्रेमध्ये कितीही नीट बसवलं तरी तिरकंच जाणार. अशी गठ्ठ्यातली पानं मी परत करते, आणि आता दुकानातच पट्टी काढून मोजते.

अर्धी वापरलेली शीट पुन्हा घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. २४ लेबलांच्या पानावरची दहा काढून झाली, उरलेल्या चौदांवर छापू या, असं वाटतं. उघड्या पडलेल्या मागच्या कागदावर रोलर घसरतो आणि भोकाच्या कडेचं लेबल उचललं जातं. उरलेली लेबलं मी हाताने लिहायला ठेवते, फ्रीजमधल्या डब्यांना कामी येतात.

संगणकावर काय निवडायचं

साधा कागद हा प्रकार निवडून स्टिकरवर छापलं तर प्रिंटर पान भराभर ओढतो आणि छपाईचं डोकं कागदाच्या फार जवळ ठेवतो. जाड पान घसरतं, कड डोक्याला घासते, काळे डाग पडतात. कागदी स्टिकरला मॅट फोटो पेपर, चकचकीत विनाइलला ग्लॉसी फोटो पेपर निवडा, आणि दर्जा उच्च ठेवा. प्रिंटर हळू चालतो, आणि हळू चाललेलं पान घसरत नाही. कडेला तरीही काळं लागत असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद घासणं टाळण्याचा किंवा जाड कागदाचा पर्याय शोधा. बहुतेक यंत्रांत तो देखभालीच्या पानावर असतो.

कागदाचा आकार ए-फोर आहे ना हे दोन ठिकाणी बघा, फाइलमध्ये आणि प्रिंटरच्या खिडकीतही. नव्या संगणकावर पुष्कळदा अमेरिकन लेटर आकार ठरलेला असतो. तो २१६ बाय २७९ मिलिमीटरचा, म्हणजे रुंद आणि आखूड. मग छपाई सरकते किंवा आकार जुळत नाही म्हणून प्रिंटर अडून बसतो, आणि आपण विनाकारण रोलर पुसत बसतो.

पानाच्या शेवटच्या तीन सेंटिमीटरमध्ये मी काही छापत नाही. पानाचं मागचं टोक आत ओढणाऱ्या रोलरमधून सुटतं तेव्हा जाड पान किंचित उडी मारतं आणि तिथे एक आडवी रेघ येते. दोष दुरुस्त होण्यासारखा नाही, जागा सोडणं एवढंच हातात आहे.

रोलर

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि चवथीच्या तयारीला लागण्याआधी, मी रोलर साफ करते. कागदाची धूळ रबरावर बसून तो काचेसारखा गुळगुळीत होतो, त्याची पकड जाते. प्लग काढायचा, चष्मा पुसायचं कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, आणि टॉर्चच्या उजेडात दिसेल तेवढा रोलर पुसायचा. रोलरच्या समोर एक छोटी रबरी किंवा बुचासारखी पट्टी असते, दुसरं पान मागे अडवणारी, तीही पुसा. दोन पानं एकदम येत असतील तर दोष बहुतेक त्या पट्टीवरच्या धुळीचा असतो. पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका, आमच्याकडे पावसात मी दोन तास देते.

रोलर हाताने फिरत नसेल तर जबरदस्ती करू नका. प्रिंटरच्या देखभालीच्या यादीत रोलर साफ करण्याची सोय असेल तर ती चालवा. तो आधी कागदाशिवाय रोलर फिरवतो आणि मग साधा कागद ओढून मळ उचलतो. रबरावर स्पिरिट, थिनर, रॉकेल काहीही लावायचं नाही. रबर कडक होतं, तडकतं, आणि गेलेली पकड परत येत नाही. स्टिकरचा गोंद काढायला आपल्याकडे खोबरेल तेल लावतात, बरणीवर ते उत्तम चालतं. प्रिंटरच्या आत त्याचा एक थेंबही नको.

मागचा ट्रे उघडा असतो, त्यात काय काय पडतं ते लक्षात येत नाही. एकदा साधा कागदही डाव्या बाजूला अडत होता. टॉर्च लावून पाहिलं तर माझ्या केसांतल्या फातीतली (गजऱ्यातली) अबोलीची दोन फुलं आत वाळून रोलरपाशी बसली होती. चिमट्याने काढली आणि पान सरळ गेलं. तेव्हापासून ट्रेवर धुतलेला रुमाल टाकते.

आत अडकलं तर

प्लग काढा. पान ज्या दिशेने चाललं होतं त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, दोन्ही कडा सारख्या धरून सावकाश ओढा. उलट ओढलं की लेबलं मागच्या कागदावरून सुटतात. आता बाहेर आलेलं पान ओट्यावर पसरा आणि लेबलं मोजा. ही पायरी कुणी करत नाही आणि म्हणूनच पुढचा त्रास होतो. बारापैकी अकरा असतील तर बारावं आत कुठेतरी चिकटलेलं आहे, आणि पुढचं प्रत्येक पान त्यालाच जाऊन अडणार. मागचं झाकण निघत असेल तर काढा, टॉर्च लावा, चिमट्याने एका कोपऱ्यापासून सोला. राहिलेला गोंद काढायला दुसऱ्या स्टिकरचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून त्या जागी हलके टेकवत राहा. गोंद गोंदाला धरून निघून येतो. प्लास्टिकवर तरीही चिकट राहिलं तर कानकाडीच्या टोकाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबराला न लागेल असं.

लेझर प्रिंटरवाल्यांनी इथे फार सांभाळावं. आत शाईची पूड वितळवायला २०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असते. इंकजेटचं, म्हणजे माझ्यासारख्या पातळ शाईच्या प्रिंटरचं, विनाइल त्यात गेलं तर वितळून तापलेल्या रोलरला लपेटतं, आणि तो भाग बदलावाच लागतो. पाकिटावर लेझर असं स्पष्ट लिहिलेलाच स्टिकर घ्या, हाताने पान घालायच्या ट्रेमधून घाला, मागचं दार उघडं ठेवा म्हणजे पान न वळता सरळ मागे बाहेर पडेल, आणि कागदाचा प्रकार लेबल ठेवा. एकदा गेलेलं पान दुसऱ्यांदा घालायचं नाही.

पावसाळ्यात छपाई चालू असताना वीज जाणं आमच्याकडे नेहमीचं. पान अर्धं आत असतं. ओढू नका. वीज आली की प्रिंटर चालू करून कागदाचं बटण दाबा, तो स्वतःच बाहेर टाकतो. तासाभरात वीज येण्याची चिन्हं नसतील तर मात्र वर सांगितलं तसं हाताने काढा, कारण रोलरखाली रात्रभर दाबून राहिलेल्या पानातला गोंद त्या जागी बाहेर यायला लागतो. इंकजेटला छापताना वीसएक वॅटसुद्धा लागत नाहीत, म्हणून मी आता तो संगणकाच्या यूपीएसवर लावला आहे. चालू असलेलं पान पूर्ण होतं. लेझर तसा लावू नका, त्याची तापण्याची भूक यूपीएसला झेपत नाही.

छापलेली पानं पावसात लवकर वाळत नाहीत. कोरड्या दिवसांत अर्धा तास पुरतो, जुलैत मी विनाइलला अख्खी रात्र देते, पंख्याखाली, एकावर एक न ठेवता. आणि काम संपल्यावर ट्रेमध्ये उरलेलं स्टिकरचं पान काढून डब्यात. तिथे उभं ठेवून झोपलं तर सकाळी त्याची पुढची कड वाकलेली असते.